पंचफुला सिस्टरची रजा

पहिल्याच भेटीत पंचफुला इंगळे सिस्टरनी मला नाक दाबायला लावलं. माझ्या हातात थंड्याच्या बाटलीत घालतात तसली एक बारीक नळी दिली आणि म्हणाल्या, "हे तोंडात धरा, नाक दाबा, आन् एक मिनिट फक्त यातून श्वास घ्या." मी अमरावतीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हेडक्लार्क. लोकांना खिडकीसमोर रांगेत उभं करायची मला सवय, कुणाच्या हुकमावरून नाक दाबायची नाही. तरी दाबलं. विसेक सेकंदांत कान तापले, छाती भरून आली आणि मी नळी तोंडातून ओढून काढली. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत होत्या. "तुमाले काढता येते," त्या म्हणाल्या. "तुमच्या भावाले नाई येत. त्याईच्या गळ्याजवळ जाच्या आधी एवढं ध्यानात ठेवजा, ताई."

माझा मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, एसटीत कंडक्टर होता, अकोला डेपोला. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तो ड्यूटीवरच होता. पुढं दोन आठवडे मशीनवर काढल्यावर डॉक्टरांनी त्याच्या गळ्याला समोरून छेद देऊन श्वासाची नळी बसवली. त्याला ट्रॅकिऑस्टॉमी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. नाकातोंडाचा संबंध संपला, हवा गळ्यातून आत, गळ्यातूनच बाहेर. आवाज गेला. डोकं मात्र शाबूत आणि उजवा हात थोडा चालायचा. मोठ्या हॉस्पिटलनं हात वर केल्यावर अकोल्यातल्याच एका नर्सिंग होमनं त्याला घेतलं. तिथं वरच्या मजल्यावर लांब मुक्कामाच्या पेशंटांसाठी सात खाटा होत्या. त्या मजल्याच्या इन्चार्ज म्हणजे पंचफुला सिस्टर.

बाई पन्नाशीच्या, काळ्यासावळ्या, अंगानं सडपातळ. पायात कॅनव्हासचे पांढरे बूट, अंबाड्यात खोचलेलं पेन. मूळच्या भातकुलीच्या. बाबासाहेबांच्या मागं उभ्या राहिलेल्या घरातल्या, त्यामुळं बापानं कापूस वेचून मुलीला नर्सिंग शिकवलं. नवरा लवकर गेला. हे सगळं मला शबानानं सांगितलं. शबाना त्यांच्या हाताखालची तरुण नर्स. सिस्टर स्वतः स्वतःविषयी काही बोलायच्या नाहीत. बोलायच्या त्या नळीविषयी.

नळी दुहेरी असते. बाहेरची गळ्यात पक्की बसवलेली, तिच्या आत दुसरी, काढता येणारी. कफ साचतो तो आतल्या नळीत. ती दिवसातून तीन-चारदा काढायची, ब्रशनं आतून घासायची, सलाइननं धुवायची आणि परत बसवायची. काम तसं भांडी घासण्याइतकं साधं. पण एक पाळी चुकली की कफ वाळतो, दोन चुकल्या की खपली धरतो. उन्हाळ्यात अकोल्याची हवा भट्टीसारखी कोरडी असते, तेव्हा तर विचारायलाच नको. सिस्टर म्हणायच्या, माणूस एकदम गुदमरला तर सगळे धावतात; रोज थोडा थोडा गुदमरला तर कुणाच्या ध्यानातही येत नाही.

पेशंटच्या अंगाला हात लावण्याआधी त्या सांगायच्या. "दादा, आता नळी काढून राहिली. खोकला येईन. येऊ द्या." बेशुद्ध पेशंटलाही त्या हे सांगायच्या. आणि "काळजी करू नका" हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. एका पेशंटची सून रडत काळजी वाटते म्हणाली, तर म्हणाल्या, "करा ना काळजी. पन हात धुऊन करा."

दादाचं आणि त्यांचं चांगलं जमलं ते त्याच्या घंटेवरून. बोलता येत नव्हतं म्हणून त्यानं बोटातली अंगठी खाटेच्या दांड्यावर आपटायची पद्धत काढली होती. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे. आयुष्यभर गाडीत घंटीची दोरी ओढली, तेच. बाकीच्यांना ती म्हाताऱ्याची गंमत वाटायची. सिस्टरनी मात्र सगळ्या स्टाफला हुकूम काढला की कफ ओढायच्या मशीनची नळी गळ्यात असताना एक टोला आला तर हात तिथंच थांबला पाहिजे. शबाना म्हणायची, गाडीचा ड्रायव्हर झाल्यासारखं वाटते.

तिथला एक जुना अटेंडंट होता, वासुदेवकाका. मिशाळ, भला माणूस, गजानन महाराजांचा भक्त. खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असायचा. नळी साफ केली की वेळेसमोर सही करायची. काका ड्यूटीवर आले की पहिल्या पाच मिनिटांत सगळ्या चौकोनांत सही ठोकून मोकळे. नंतर विसरायला होते, हे त्यांचं कारण. बरं, माणूस खोटा नव्हता, नळी खरंच धुवायचा, पण आठवेल तेव्हा. सिस्टरना हे कळलं तेव्हा मला वाटलं आता काही खरं नाही. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी काकांना बाकावर बसवलं, हातात नळी दिली आणि नाक दाबायला सांगितलं. अर्ध्या मिनिटानं काकांनी नळी ठेवली आणि ते हात धुवायला गेले.

त्याच दिवशी तक्ता गेला. त्याच्या जागी सिस्टरनी नवी रीत घातली. ज्याची ड्यूटी संपली त्यानं आतली नळी धुवायची, खिडकीशी उजेडात धरायची आणि येणाऱ्यानं तिच्यातून पलीकडचं लिंबाचं झाड पाहायचं. झाड दिसलं तरच जाणाऱ्यानं चप्पल घालायची. मग नळी जागेवर धरणारी गळ्यातली फीत तपासायची, खाली एक बोट जाईल इतकी सैल, दोन बोटं जातील इतकी नाही. नळीखालची गॉजची घडी कोरडी आहे का, उशाशी जास्तीची नळी आहे का, हे दोघांनी बोलून पाहायचं. दिवसाला तीन ड्यूट्या, तीनदा झाड. पहिले काही दिवस सगळे कुरकुरले. नर्सिंग होमचे डॉक्टरसाहेब स्वतः हसले. पण दोन महिन्यांत त्या मजल्यावर छातीत कफ भरून कुणाला खाली हलवावं लागलं नाही, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं.

मी बुधवारी आणि रविवारी बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला जायची. जाताना मुर्तिजापूर, येताना मुर्तिजापूर, डब्यात त्याच त्या बायका, पर्समध्ये तीच ती औषधांची चिठ्ठी. घरी मन लागायचं नाही, तिकडे जायला पाय निघायचा नाही. दादाकडे पाहिलं की मला स्वतःला श्वास अपुरा पडतो असं वाटायचं. बरा होणार नाही आणि जाणारही नाही, अशा माणसाशेजारी स्टुलावर बसून राहायचं, एवढंच काम. सिस्टर मजल्यावर असल्या की मात्र छातीवरचं ओझं उतरायचं. त्या नसल्या की मी दर दहा मिनिटांनी त्याच्या गळ्याकडे पाहायची. हे मी एकटी करत नव्हते. सातही खाटांचे नातेवाईक सिस्टरच्या बुटांच्या आवाजावर जगायचे.

आणि इथंच बाई अडकल्या.

त्यांची आई भातकुलीला होती. पंच्याऐंशी ओलांडलेली, खाटेला खिळलेली. भाऊ-भावजय दिवसभर दुसऱ्याच्या शेतावर, म्हातारी घरात एकटी. रविवारी दुपारी शेजारची कुणी पोरगी आपला मोबाइल म्हातारीच्या कानाला लावायची. सिस्टर फोन खांद्यानं कानाशी दाबून बोलायच्या, दोन्ही हात बेसिनमध्ये, एका हातात नळी, दुसऱ्यात ब्रश. "येते ना माय. या आठवड्यात येते." मी हे वाक्य किती रविवार ऐकलं याचा हिशेब नाही. भातकुली माझ्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर. मी रविवारी तिथून उठून त्यांच्या हातांपाशी यायची आणि त्यांना तिकडे जाता येत नव्हतं. एकदा जाऊन म्हातारीला पाहून येते, निदान काही पोचवते, असं म्हणायला माझं काय जात होतं? मी कधी म्हटलं नाही. सुचलं नाही असंही नाही.

एकदा त्यांनी चार दिवसांची रजा टाकली होती. तेव्हा झाडाची रीत सुरू व्हायची होती. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची नळी भरली, त्याला तातडीनं हलवावं लागलं, आणि डॉक्टरसाहेबांनी सिस्टरना माघारी बोलावलं. तेव्हापासून त्यांनी रजेचं नाव काढलं की कुणीतरी हात जोडायचं. मीही जोडलेत. डॉक्टरसाहेब म्हणायचे, तुमच्यावाचून हा मजला चालत नाही. ते कौतुक म्हणून म्हणायचे. सिस्टर एकदाच मला म्हणाल्या, "ताई, माह्यावाचून चालत नसन तर मी काई शिकवलंच नाई मंग. हे झाड पाहाचं कावून लावलं मी? मले जाता यावं म्हनून."

मला ते ऐकून बरं वाटलं नाही. त्या जाणार, एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

सप्टेंबरात म्हातारीला ताप आला. अधूनमधून भान हरपायचं, पण लेकीचं नाव घ्यायची. सिस्टरनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि या वेळी विचारलं नाही, सांगितलं. जाण्याआधी आठवडाभर त्यांनी सगळं काम शबानाकडून करून घेतलं, स्वतः मागं हात बांधून उभ्या राहिल्या. शुक्रवारी सकाळी शबानानं नळी उजेडात धरली, सिस्टरनी झाड पाहिलं, दादाच्या कपाळाला हात लावला आणि सांगितलं, "दादा, मी मायकडं जाऊन राहिली." दादानं अंगठी दोनदा आपटली. दुपारच्या गाडीनं त्या निघाल्या.

नेमका तोच दिवस डेपोतल्या लोकांनी धरला होता. दादा त्या महिन्यात सेवानिवृत्त होत होता. गाडीत नाही तर खाटेवर, पण माणूस रिटायर होतो म्हटल्यावर आमच्याकडे शाल, श्रीफळ आणि हार चुकत नाही. सहा-सात जण आले, डेपो मॅनेजर, दोन ड्रायव्हर, बाकी कंडक्टर. मीही अर्ध्या दिवसाची रजा काढून आले होते. शबानानं आधीच बजावलं की गळ्याजवळ काही नको. हार उशाला ठेवा, शाल पायांवर टाका. मी तिला म्हटलं, "पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे गं. एवढ्या वर्षांची नोकरी झाली त्याची." तेवढ्यात चौथ्या खाटेवरून हाक आली म्हणून ती तिकडे गेली.

मॅनेजरांनी शाल दादाच्या खांद्यांवर घातली. नारळ त्याच्या उजव्या हातात दिला आणि बोटं वरून मिटवली. फोटो काढणारा म्हणाला, शाल घसरून राहिली. ती मी वर ओढली. नीट, दोन्ही टोकं छातीवर घेऊन, गळ्यापर्यंत, वधूचा पदर सारखा करावा तशी. मग टाळ्या झाल्या आणि मॅनेजर बोलू लागले. दादाचे डोळे भरून आले. चेहरा लाल झाला, ओठ थरथरले. एक ड्रायव्हर म्हणाला, "गहिवरून आलं दादाले." आम्ही आणखी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझेही डोळे भरून आले होते.

त्याच्या हातात नारळ होता, म्हणून अंगठी वाजली नाही. शेवटी त्यानं नारळ टाकला. तो फरशीवर आपटला त्या आवाजानं शबाना वळली, तिनं एकदा पाहिलं आणि धावत आली. शाल ओढून फेकली, आतली नळी काढली. तिच्यात कफाच्या चिकट गोळ्याबरोबर शालीचे लोकरी तंतू होते. तिनं जास्तीची नळी बसवली, मशीन लावलं, "दादा, खोकला येऊ द्या, येऊ द्या," असं अगदी सिस्टरच्या सुरात म्हणत राहिली. निळसर झालेले ओठ पुन्हा ओठांसारखे झाले. सगळं मिळून मिनिट-दीड मिनिट. दादानं अंगठी दोनदा आपटली. शबाना माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "अब ठीक हाय, ताई. तुमी बसा."

मी बसले नाही. मी बाहेर जिन्यात गेले आणि सिस्टरना फोन लावला. म्हटलं, "सिस्टर, दादा निळा पडला." एवढंच. ते खरं होतं. आता बरा आहे, हे मी सांगितलं नाही. विसरले असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. विसरले नव्हते. शाल मी ओढली होती, आणि मला त्या मजल्यावर शबाना नको होती, त्या हव्या होत्या. पलीकडून गाडीचा आवाज येत होता. त्या म्हणाल्या, "मुर्तिजापूर येऊन राहिलं. उतरते."

संध्याकाळच्या आत त्या आल्या. पिशवी खाली न ठेवता सरळ दादाच्या खाटेशी गेल्या, नळी पाहिली, फीत पाहिली, छातीला कान लावला. शबानाला सगळं विचारलं. तिनं काही न लपवता सांगितलं, शालीचंही, पण माझं नाव घेतलं नाही. "नळी बदलाले किती वेळ लागला?" "मिनिट झाला असन, सिस्टर." सिस्टरनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग माझ्याकडे आल्या.

"तुमी फोन केला तवा दादा बरे होते?"

मी हो म्हटलं.

मला वाटलं त्या बोलतील, बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि हात धुवायला गेल्या.

आलाच आहात तर आठवडा थांबा, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. एक नर्स आजारी, वासुदेवकाकांच्या घरी लग्न. त्या आठ दिवस थांबल्या. त्या आठ दिवसांत मी तीनदा गेले आणि दर वेळी सांगायचं ठरवलं की तुम्ही जा, मी इथं राहते, कॉलेजातून रजा काढते. दादाच्या गळ्याकडे पाहिलं की शब्द आत जायचे. मी भित्री आहे हे मला त्या खाटेजवळ कळलं. ऑफिसात मला सगळे घाबरतात, म्हणून हे इतक्या वर्षांत उघडं पडलं नव्हतं.

नवव्या दिवशी त्या भातकुलीला गेल्या. ताप उतरला होता, पण म्हातारीच्या मेंदूला मध्ये कधीतरी धक्का बसला होता. लेकीला तिनं ओळखलं नाही. हे मला शबानाकडून कळलं. सिस्टर महिन्याभरानं एकदाच आल्या, नोकरी सोडल्याचा कागद द्यायला. शबानानं खिडकीशी नळी धरली होती. सिस्टर तिच्याजवळून गेल्या, पण त्यांनी नळीतून पाहिलं नाही. वासुदेवकाकांनी पाहिलं. त्यांची ड्यूटी सुरू होत होती.

दादा अजून आहे. नळीही आहे. चुकूनही एक पाळी चुकत नाही, शबानाच्या हाताखाली आता दोन नव्या मुली आहेत, त्या नाक दाबून शिकल्यात. डॉक्टरसाहेब नव्या पेशंटच्या लोकांना ती झाडाची रीत कौतुकानं दाखवतात. सिस्टरवाचून मजला चालतो. तेव्हाही चालला असता.

जानेवारीत एका रविवारी मी अकोल्याला न जाता भातकुलीला गेले. काय बोलायचं ते एसटीत मनाशी तीन-चारदा घोळवलं होतं. घर सापडायला त्रास झाला नाही, नर्सबाईचं म्हटल्यावर पोरांनी आणून सोडलं. अंगणात उन्हात बाज टाकलेली, तिच्यावर म्हातारी, मूठभर झालेली, लुगड्यात गुंडाळलेली. सिस्टर मांडीशी वाटी घेऊन तिला मऊ भात भरवत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या ताई. दादा बरे हायेत?" राग नाही, ओलावाही नाही. मी हो म्हटलं आणि बाजेच्या कडेला बसले. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात म्हातारीनं सिस्टरचा हात धरला.

"बाई, माही पंचफुला कदी येते वं?"

"येऊन राहिली, माय. रस्त्यात हाय."

म्हातारीनं मान हलवली. मग तिला मी दिसले. नवीन माणूस आलं आहे, त्याला समजावून सांगायला हवं, अशा बेतानं ती माझ्याकडे थोडी सरकली.

"लय जीव लावते माही पोरगी," ती म्हणाली. "पन ते लोक तिले सुट्टीच देत नाईत."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी पुढचा घास कालवला.